आजीचं माहेरचं आडनाव मॅके, यावरून स्कॉटलंडमधला क्लॅन कळतो का?

अंबडची_लेक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथलं नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

माझ्या आजीचं, म्हणजे पप्पांच्या आईचं, माहेरचं आडनाव मॅके. आजी जालन्याची, माहेर ख्रिस्ती, मिशनच्या कंपाउंडजवळ वाढलेली. दिसायला बोलायला आपल्यासारखीच, सुती नऊवारी, सकाळी बाजरीची भाकरी अन् ठेचा, संध्याकाळी मोठ्यानं मराठी बायबल वाचायची. लहानपणी आम्हाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही, आईचं माहेर साळवे तसं आजीचं माहेर मॅके, एवढंच.

आता झालं असं की माझा भाचा शिकायला ग्लासगोला आहे. त्यानं नाताळला येताना हिरव्या-निळ्या चौकड्यांचा मफलर आणला अन् सोबत फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. त्यावर ढालीचं चित्र, खंजीर धरलेला हात, अन् खाली लिहिलंय की हे मॅके घराण्याचं निशाण. दुकानात नुसतं आडनाव सांगितलं की लगेच छापून देतात म्हणे. आत्यानं ते हॉलमध्ये आजीच्या फोटोशेजारी लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमच्या आईचं मूळ स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातलं. मला आत्याचं मन मोडायचं नाही पण खरं काय ते कळावं असं फार वाटतं, आजीच्या फोटोशेजारी खोटं काही नको.

घरात दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे आजीचे पणजोबा इंग्रज-मराठ्यांच्या असईच्या लढाईत आलेले गोरे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, शिपाई, ते इथंच राहिले. दुसरी गोष्ट धाकटे काका सांगतात की गोरा-बिरा कुणी नव्हता, मिशनच्या साहेबाचं आडनाव लावलं. दोन्हीला कागद नाही. आजीचं जुनं बायबल आत्याकडं आहे, त्यात पहिल्या पानावर काहीतरी लिहिलेलं आहे असं आठवतं.

माझे प्रश्न: आडनावावरून क्लॅन खरंच ठरतो का? आजीकडून आलेलं नातं त्यांच्यात धरतात का, की फक्त बापाकडचं? डीएनए टेस्ट करून काही कळेल का? आणि कागद शोधायचे तर कुठं?

---

औसा_ते_एडिनबरा

ताई, मी मूळ औशाचा, अकरा वर्षं झाली एडिनबरात नोकरीला आहे, ही दुकानं रोज बघायलो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लॅन हा शब्द गेलिकमधला, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतला, अर्थ लेकरं. म्हणजे एका मूळपुरुषाची लेकरं. अन् मॅक म्हणजे मुलगा. मॅके हे गेलिकमध्ये मॅक आइ सारखं बोलतात, आय नावाच्या माणसाचा मुलगा. इथं लोक मॅके म्हणत नाहीत बरं का, मकाय म्हणतात, मी पहिल्या वर्षी ऑफिसात एका मकायबाईंना सहा महिने मॅके म्हणायलो होतो अन् त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

नावाचा अर्थ लेकरं असला तरी क्लॅनमधली सगळी माणसं एका रक्ताची कधीच नव्हती, मुख्य गोष्ट हीच आहे अन् दुकानवाले हीच सांगत नाहीत. हायलँड्समध्ये एक सरदार, त्याची जमीन, त्या जमिनीवर कसणारी कुळं. जी कुळं त्याच्या आसऱ्याला होती, त्याच्यासाठी लढायला जायची, ती हळूहळू त्याचंच आडनाव लावायला लागली. फ्रेझर लोकांत तर अशी परंपराच सांगतात की लोव्हॅटच्या सरदारानं जो कुणी फ्रेझर नाव लावील त्याला एक बोल पीठ दिलं. बोल हे इथलं जुनं माप, पिठाचं एक बोल म्हणजे १४० पौंड, आपल्या हिशोबानं ६३ किलोच्या आसपास ओटचं पीठ. त्यांना अजून बोलाच्या पिठाचे फ्रेझर म्हणतात. उपाशी माणसानं पिठासाठी नाव बदललं अन् आज त्याचा वंशज फ्रेझर क्लॅनच्या मेळाव्यात मानानं बसतो, कुणी त्याला उठ म्हणत नाही.

याच्या उलटही झालंय. मॅकग्रेगर लोकांचं तर नावच सरकारनं बंद केलं होतं. १६०३ साली ग्लेन फ्रुइनला लढाई झाली, त्यानंतर राजानं हुकूम काढला की मॅकग्रेगर नाव लावायचं नाही, लावलं तर मरणाची शिक्षा. मधे काही वर्षं बंदी उठली, परत लागली, कायमची गेली ती १७७४ साली. तेवढ्या काळात या लोकांनी कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, ग्रँट, स्टुअर्ट अशी मिळेल ती नावं लावली. रॉब रॉय मॅकग्रेगर स्वतः कॅम्पबेल नाव वापरायचा. म्हणजे आज एखादा ड्रमंड भेटला तर तो ड्रमंड असेल किंवा लपलेल्या मॅकग्रेगरचा नातू असेल, आडनावावरून काय कळणार सांगा.

मफलरचं म्हणाल तर तो छानच आहे, वापरा. फक्त अमुक क्लॅनचं अमुक कापड ही वाटणी मानतात तेवढी जुनी नाही. १७४६ ला कलोडनला हायलँडर हरले, त्यानंतर कायद्यानं त्यांचा पोशाखच बंद केला, तो कायदा १७८२ ला गेला. मग १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला, त्याच्या स्वागताला सगळ्या सरदारांनी आपापल्या टार्टनमध्ये, म्हणजे चौकड्यांच्या कापडात, यावं असं ठरलं अन् ज्याच्याकडं ठरलेलं टार्टन नव्हतं त्यानं विणकराकडून ठरवून घेतलं. आजचे बरेचसे क्लॅन टार्टन त्या आसपासच्या काळात पक्के झाले.

सर्टिफिकेटवरच्या ढालीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. स्कॉटलंडमध्ये ढालीचं निशाण आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं. लॉर्ड लायन म्हणून इथं एक अधिकारी आहे, त्याचं कोर्ट आहे, १६७२ च्या कायद्यापासून निशाणांचं सरकारी रजिस्टर आहे, अन् दुसऱ्याचं निशाण आपलं म्हणून लावणं हा इथं कायद्यानं गुन्हा आहे. क्लॅनच्या माणसाला जे लावता येतं ते म्हणजे सरदाराच्या निशाणातला वरचा तुरा, त्याभोवती पट्टा अन् बक्कल असलेला बिल्ला. मकाय लोकांच्या बिल्ल्यावर खंजीर धरलेला हात असतो अन् लॅटिनमध्ये मानू फोर्टी, म्हणजे बळकट हातानं. तो पट्टा असतो याचा अर्थच हा की निशाण माझं नाही, मी त्या सरदाराचा माणूस. तेव्हा फ्रेममध्ये पट्टा-बक्कल असेल तर लावायला हरकत नाही, नुसती ढाल असेल अन् खाली आमचं निशाण लिहिलं असेल तर ते बरोबर नाही.

आजीकडून नातं धरतात का, तर हो, आजकाल क्लॅन सोसायट्या आईकडचं, आजीकडचं सगळं धरतात. सरदारानं ज्याला आपला मानलं तो क्लॅनचा, हा जुनाच नियम आहे.

---

उमरग्याचा_पाटील

औसेकर दादांनी लई भारी लिहिलं. मला हे वाचताना सारखी आपली भावकी आठवली म्हणून दोन शब्द.

शिंदे आडनावाचा माणूस कुठंही भेटला तर तो ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा भाऊबंद असतो का? नसतो. कुणाचं आडनाव शिंदे वतनावरून, कुणाचं कुळावरून, कुणी दुसऱ्याच जातीतला शिंदे. पण लग्न जमवताना आपण आडनावावर थांबत नाही, देवक विचारतो, कुलदैवत विचारतो, तुळजापूरची आई की माळेगावचा खंडोबा, मूळ गाव कोणतं ते विचारतो. पंचपल्लव अन् कळंब असं वेगळं देवक निघालं की आडनाव एक असलं तरी सोयरीक होते. म्हणजे आडनाव हा पहिला प्रश्न झाला, उत्तर पुढंच असतं. ताई, तुमच्या मॅकेचं देवक काय ते शोधायला लागेल असं म्हणतो मी.

आमच्याकडं सुगी झाली की हेळवी यायचे, कर्नाटकाकडून, बैलावर बसून. आजोबांचं नाव सांगितलं की वहीतून सात-आठ पिढ्या धडाधड म्हणून दाखवायचे, कोण कुठून उठून आला, कुणाला पोर नव्हतं म्हणून दत्तक घेतलं, सगळं. घरात न सांगितलेलं पण त्यांच्या वहीत असायचं. आमच्या वाड्यातला एक अख्खा घर मूळचा आमच्या कुळातला नाही, दुष्काळात आलेला गडी, पणजोबांनी शेत दिलं अन् आडनाव पण दिलं, हे आम्हाला हेळव्यानं सांगितलं. आज त्यांचं अन् आमचं सुतक एकच पाळतो.

दादा, एक विचारतो, स्कॉटलंडमध्ये एका क्लॅनमध्ये लग्न होतं का?

---

औसा_ते_एडिनबरा

होतं की पाटील. कॅम्पबेलची कॅम्पबेलशी लग्नं ढिगानं झालीत, आपल्यासारखी देवकाची अडचण तिकडं नाही. क्लॅन हे जमीन अन् सरदार यांच्याशी बांधलेलं आहे, सोयरीक कुठं करायची नाही हे ठरवायला नाही. म्हणून भावकी हा शब्द जवळचा आहे पण कुळ-देवक तसंच्या तसं लावू नका.

सुतकाचं वाचून बरं वाटलं. इथं सरदार आपल्या माणसांना नाव देतो तेही असंच काहीसं.

आणि एक राहिलंच. मुंबईचा हार्बर लाइनचा रे रोड स्टेशन माहितीये ना? तो ज्या लॉर्ड रे साहेबाच्या नावानं आहे तो १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचं खरं नाव डोनाल्ड जेम्स मकाय, अन् तो मकाय क्लॅनचा सरदार होता! जन्मला मात्र हॉलंडमध्ये, त्यांची शाखा पिढ्यान् पिढ्या तिकडं होती. त्याच्या आधीचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावानं पुण्याचं कॉलेज, ते किलकेरनचे, अन् किलकेरनचं घराणं आज फर्ग्युसन क्लॅनचं मुख्य घराणं आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांवर लिहिणारा जेम्स फर्ग्युसन हा आणखी वेगळा. नाव एक, आडनाव एक, दोघंही एअरशरकडचे, पण माणसं दोन. आता तुमच्या मॅकेला या गव्हर्नरशी जोडायचा मोह कुणालाही होईल, तो टाळा.

---

जुने_कागद

मी परभणीचा, निवृत्त शिक्षक, जुनी दप्तरं वाचायचा नाद आहे. कुणबी नोंदींसाठी सगळा मराठवाडा तहसीलच्या दप्तरात बसला होता तेव्हा मीही मोडी वाचून द्यायला जायचो. त्या कामातून एक शिकलो की आधी तारखा मांडायच्या, मग गोष्टी ऐकायच्या. तसंच करू.

ताई, आजीचा जन्म कधीचा? तुम्ही लिहिलं नाही पण तुमच्या वयावरून १९३० ते १९३५ धरतो. एक पिढी २५-३० वर्षं. आजीचे वडील १९०५ च्या सुमारास, आजोबा १८७५ च्या आसपास, पणजोबा १८४५-५० चे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३. भोकरदनकडं, केळणा अन् जुई या नद्यांच्या बेचक्यात. तिथं ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँडर पलटणी लढल्या हे खरं, ७४ वीचे तर जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. ७८ वी मॅकेंझींच्या सरदारानं १७९३ ला उभी केलेली. पण त्या लढाईतला शिपाई आजीचा पणजोबा होऊ शकत नाही, मधे निदान दोन पिढ्या कमी पडतात. जालना जिल्ह्यात गोऱ्या माणसाची कुठलीही गोष्ट शेवटी असईलाच जाऊन चिकटते, त्यात घरच्यांचा दोष नाही. ती गोष्ट बाजूला ठेवा.

मग १८५० नंतर जालन्यात स्कॉटिश आडनाव कुठून येईल? एक, छावणी. आधी तिथं मद्रासची फौज असायची, पुढं हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली असलेली फौज, ते १९०३ पर्यंत. शिपाई आपलेच, पण अधिकारी, सर्जन, सार्जंट हे विलायतेचे, त्यात स्कॉटिश भरपूर. दोन, मिशन. जालन्याचं मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण, ख्रिस्ती झाले, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. आणि १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. त्या काळात सगळीकडच्या मिशनांकडं आईबाप गेलेली लेकरं आली. तिकडं स्कॉटलंडमध्ये एखादी बाई किंवा एखादं मंडळ एका लेकराच्या खर्चाचे पैसे पाठवायचं, आणि त्या लेकराला पैसे पाठवणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत मिशनांमध्ये होती. धाकट्या काकांची गोष्ट म्हणून मला हलकी वाटत नाही. साहेबाचं नाव असेल किंवा कधी न पाहिलेल्या दात्याचं.

आता कागद. गोरा अधिकारी असेल तर बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची रजिस्टरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, बंगाल, मद्रास, मुंबई अशी तीन भागांत. जालना निजामाच्या मुलखात असलं तरी फौज मद्रासची होती म्हणून शोध मद्रासपासून सुरू करा. स्पेलिंगकडं लक्ष द्या, जुन्या कागदात जालना हे जे ए यू एल एन ए एच असं लिहिलेलं असतं, आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर हाती काही लागत नाही. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची साईट आहे, तिथं फुकट शोधता येतं. फॅमिलीसर्च पण फुकट.

देशी ख्रिस्ती कुटुंब असेल तर या रजिस्टरांत सहसा सापडणार नाही, चर्चच्याच वहीत सापडेल. आधी जालन्यात पास्टरसाहेबांना भेटा. मिशनचा पत्रव्यवहार, रिपोर्ट हे एडिनबराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, औसेकर तिथंच राहतात, त्यांना गळ घाला. शोधताना नाव बदलत जातं हे ध्यानात ठेवा: १९०० पर्यंत फ्री चर्च, मग १९२९ पर्यंत युनायटेड फ्री चर्च, त्यानंतर चर्च ऑफ स्कॉटलंड. एका नावानं शोधून सोडून दिलं तर अर्धं दप्तर सुटतं.

स्कॉटलंडमधला नेमका माणूस कळला तरच तिकडचे कागद कामाचे. तिकडं १ जानेवारी १८५५ पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सक्तीची झाली, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. सगळं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साईटवर आहे, नावं शोधायला पैसे नाहीत, कागदाची प्रत बघायला थोडे पडतात. तिकडं बाईच्या मृत्यूच्या नोंदीत माहेरचं आडनावही असतं, फार चांगली गोष्ट आहे. आपल्याकडं आजीच्या आजीचं माहेर शोधायला जा, जीव जातो.

---

अंबडची_लेक

सर, दादा, पाटील, काय बोलू, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आजीचा जन्म १९३३, तुमचा अंदाज अगदी बरोबर.

काल आत्याकडं गेले. आधी तिला काही सांगितलंच नाही, नुसतं म्हटलं आजीचं बायबल बघू दे. पहिल्या पानावर निळ्या शाईत मराठीत आजीच्या वडिलांचं नाव अन् मॅके, अन् खाली इंग्रजीत परत तेच. इंग्रजीत स्पेलिंग आहे एम ए सी के आय ई. सर्टिफिकेटवर आहे एम ए सी के ए वाय. भाच्यानं दुकानात बहुतेक तोंडी सांगितलं अन् त्यांनी जवळचं छापलं.

मग आत्याला विचारलं आजी तिच्या आजोबांबद्दल काय सांगायची. आत्या म्हणाली, अगं आई म्हणायची की आजोबा बेथेलच्या बोर्डिंगात वाढले, त्यांना स्वतःचं गाव माहीत नव्हतं, कुणी विचारलं तर म्हणायचे माझं गाव बेथेल. हे एवढं आत्याला माहीत होतं अन् आजपर्यंत कधी बोलली नव्हती, कारण कुणी विचारलंच नाही. मला रडूच आलं. आजी जेवायला बसल्यावर ताटात एक घास ठेवू द्यायची नाही, म्हणायची आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, एवढं एकच वाक्य, पुढं काही नाही.

आता आत्या म्हणते मग आपण मॅके नाहीच का. तिला काय सांगू?

---

औसा_ते_एडिनबरा

ताई, मॅकी म्हणतात इथं त्या स्पेलिंगला. हे आडनाव मकायचंच भावंड, मूळ नाव तेच आय, पण ही माणसं जास्त करून दक्षिणेला गॅलोवेकडं अन् ईशान्येला अबर्डीनच्या भागात. मकाय क्लॅनचा मुलूख एकदम उत्तरेच्या टोकाला, स्ट्रॅथनेव्हर. क्लॅनच्या पुस्तकांत मॅकी हे मकायचं सेप्ट म्हणून दाखवतात, सेप्ट म्हणजे क्लॅनला जोडलेलं लहान आडनाव. पण या सेप्टच्या याद्या बहुतेक एकोणिसाव्या शतकात तयार झाल्या, एकेक आडनाव दोन-दोन तीन-तीन क्लॅनमध्ये घातलंय, स्मिथ, टेलर, क्लार्क असली धंद्यावरची नावं तर कुठंही घातलीत. गॅलोवेतल्या मॅकीचा स्ट्रॅथनेव्हरच्या सरदाराशी संबंध असेलच असं नाही.

अन् आत्याला काय सांगायचं ते मी सांगू का, बोलाच्या पिठाचे फ्रेझर सांगा. त्यांनी भुकेपोटी नाव घेतलं, टिकवलं, लेकरांना दिलं, ते आज फ्रेझरच आहेत. आजीच्या आजोबांनी दुष्काळात नाव घेतलं, त्या नावानं पोटभर जेवले, शिकले, संसार केला, शंभर वर्षं चालवलं. स्ट्रॅथनेव्हरच्या खऱ्या मकाय लोकांना तर १८१४ अन् १८१९ ला मेंढ्यांसाठी घरं पाडून हाकललं, अन् उरलेली रे घराण्याची जमीन १८२९ ला सदरलंडवाल्यांना विकली गेली. त्यांच्याकडंही शेवटी नावच राहिलं. मी पुढच्या महिन्यात सुट्टी काढून नॅशनल लायब्ररीत जातो, फ्री चर्चच्या मिशनची मासिकं अन् दात्यांच्या याद्या निघतात का बघतो. मॅकी नावाचं कुणी निघालं तर फोटो टाकतो.

---

उमरग्याचा_पाटील

आत्याला माझा निरोप सांगा, आमच्या वाड्यातल्या त्या घराला आम्ही आजवर कधी तुम्ही पाटील नाही असं म्हणलेलं नाही, म्हणू पण देत नाही कुणाला.

---

जुने_कागद

ताई, गाव माहीत नसलेला माणूस, बेथेलचं बोर्डिंग, १८७५ च्या आसपासचा जन्म, तिन्ही गोष्टी दुष्काळाकडं बोट दाखवतात. तरी बोर्डिंगात गोऱ्या सार्जंटची पोरकी मुलंही असू शकतात, तेव्हा एकदम शिक्का मारू नका.

डीएनएचं राहिलं होतं. तुम्ही स्वतः टेस्ट करू नका, आत्याची करा. गोरा पूर्वज आजीचा पणजोबा असेल तर तुमच्यात त्याचा वाटा बत्तीसावा, साधारण ३ टक्के, आत्यात सोळावा, ६ टक्क्यांच्या आसपास. एवढा वाटा टेस्टमध्ये सहसा दिसतो. युरोपचं काहीच आलं नाही तर नाव मिशनमधून आलं असं बऱ्यापैकी धरता येईल. पण आलं तरी त्यावरून क्लॅन कळत नाही, एवढंच कळतं की कुणीतरी तिकडचं होतं. क्लॅनसाठी जी टेस्ट करतात ती वाय गुणसूत्राची, बापाकडून मुलाकडं जाणारी, ती आजीच्या भावाच्या मुलाची किंवा नातवाची करावी लागेल, मॅके आडनावाचा पुरुष पाहिजे. मॅकडॉनल्ड लोकांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांच्या सरदारांच्या घराण्यांत नॉर्वेकडची एक वेगळीच खूण सापडली, अन् साध्या मॅकडॉनल्ड लोकांपैकी कितीतरी जणांत ती नाही. औसेकर म्हणतात ते इथंही दिसतं.

पैसे खर्च करण्याआधी मात्र जालन्याला जाऊन या.

---

अंबडची_लेक

आजीच्या भावाचे नातू जालन्यातच आहेत, पण बोलणं कमी झालंय, जमिनीवरून काहीतरी झालं होतं मागं. आत्या म्हणाली मी करते फोन. अन् केला पण, लगेच, माझ्यासमोर. त्यांच्याकडं म्हणे आजोबांच्या वडिलांची कबर कुठं आहे ते माहीत आहे, दगड आहे पण अक्षरं गेलीत. रविवारी आम्ही दोघी जातोय, आधी चर्च, मग कबरस्तान. भाच्याला सांगितलंय की फ्रेम उतरवली नाही, फक्त ढालीच्या जागी बायबलच्या त्या पानाचा फोटो लावणार आहोत, आत्याचीच कल्पना. मफलर आत्या थंडीत वापरते.

चर्चच्या वहीत काय बघू? अन् कबरीवरची अक्षरं वाचायला खडू घासतात असं कुणीतरी सांगितलं, ते करावं का?

---

जुने_कागद

खडू अजिबात नको, दगड खराब होतो, पीठ पण नको. संध्याकाळी साडेपाचनंतर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा, किंवा मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं आडवा धरा, बुजलेली अक्षरं सावलीनं उठतात. तीन-चार बाजूंनी फोटो काढा. दगडावर शेवाळ असेल तर साधं पाणी अन् मऊ ब्रश, साबण नको.

वहीत बाप्तिस्म्याची पानं १८७६ पासून बघायला लागा. लेकराच्या नावापुढं आईबापाचा रकाना कोरा आहे का ते बघा, कोरा असेल तर तीच ओळ नीट उतरवा, शेजारच्या ओळींसकट, कारण एकाच दिवशी बऱ्याच लेकरांचा बाप्तिस्मा झाला असेल तर सोबत आलेल्यांची नावं त्यातच मिळतात. पास्टरसाहेबांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा, कपाटाची किल्ली कुणाकडं असते ते विचारा. आणि आत्यांना सांगा, जुनं पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही.